शिरडीची एक बैठक

शिरडीस जाणाऱ्या माणसाला, आपण तेथे कशासाठी निघाला आहात, असे सहसा कोणी विचारीत नाही. कोणी नवस फेडावयास जातो, कोणी दुखण्यातून उठल्यावर जातो, कोणाला मुलीच्या लग्नाची काळजी असते, तर कोणाला काहीच मागावयाचे नसते, पण शेजारी चालले म्हणून तोही त्यांच्या गाडीत बसतो. आमचे कारण मात्र चारचौघांत सांगण्यास थोडे अवघड होते. आम्ही एक गाणे ऐकण्यासाठी निघालो होतो, आणि ते गाणे होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.

संगीतरत्न अब्दुल करीम खाँ हे आमचे अत्यंत आवडते गवई. त्यांना समोर बसून ऐकण्याचे भाग्य आमच्या पिढीस लाभणे शक्य नव्हते; १९३७ सालीच ते गेले. आमचा त्यांचा परिचय तबकड्यांवरून झाला. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत त्यांनी दिलेल्या त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या, झिंझोटीतील ठुमरी, भैरवीतील ठुमरी, ‘मानापमाना’तील देवगंधाराचे पद, आमच्या घरी इतक्या वेळा लागल्या की कोठे खरखर येते आणि कोठे सूर त्या खरखरीतून वर निघतो, हेही आम्हांस पाठ झाले आहे. असे असता, हेच खाँसाहेब १९१४ साली शिरडीस जाऊन साईबाबांसमोर गायले होते, ही हकीकत प्रथम वाचनात आली तेव्हा ते गाव आमच्या दृष्टीने एकदम निराळे झाले. शिरडीस आम्ही पूर्वी दोनदा गेलो होतो. परंतु गाण्याच्या वाटेने कधी गेलो नव्हतो.

यंदा रामनवमीच्या उत्सवाच्या पहिल्या दिवशी सौ. सह आम्ही अहिल्यानगरहून निघालो. (गावाचे नाव बदलले तरी आमच्या तोंडून अजून ‘नगर’च निघते, वाचकांनी समजून घ्यावे.) नगर-मनमाड रस्त्याने शिरडी सुमारे ऐंशी किलोमीटर पडते. राहुरीस मुळा लागते, कोल्हारास प्रवरा लागते, आणि मग दोहो बाजूंस ऊस सुरू होतो तो राहात्यापर्यंत सुटत नाही. चैत्राचे ऊन दहा वाजताच चढले होते. रस्त्याने पालख्यांबरोबर पायी चाललेल्या मंडळींचे जथे भेटत होते; त्यांच्या टाळांचा आवाज गाडीच्या काचेतून क्षणभर येई आणि मागे राही.

खाँसाहेबांच्या काळी हा प्रवास असा नव्हता. तेव्हा दूरची मंडळी दौंड-मनमाड लोहमार्गावरील कोपरगाव स्टेशनावर उतरत आणि गोदावरी ओलांडून सुमारे पंधरा किलोमीटर टांग्याने शिरडीस येत. तंबोरे घेऊन ज्याने कधी प्रवास केला असेल त्यालाच या पंधरा किलोमीटरांचा अर्थ कळेल. भोपळा ही वस्तू अशी की एक हिसका बसला, तर तिला तडा जावा. आणि खाँसाहेब तंबोऱ्याच्या बाबतीत किती हळवे होते, हे त्यांच्या शिष्यांनी सांगून ठेवले आहे. ते तंबोरे स्वतः दुरुस्त करीत. बीनही वाजवीत. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स हे श्रुतींची मापे काढीत होते तेव्हा सूर लावून दाखविण्यास त्यांना याच गवयाचा गळा उपयोगी पडला. असा मनुष्य खडबडीत वाटेने खेड्यात जातो तो बिदागीसाठी खास जात नसला पाहिजे.

त्या वेळी ते काही होतकरू गवई नव्हते. १८७२ साली उत्तरेतील कैरान्यास जन्मलेल्या या कलावंताने बडोद्याचा दरबार पाहिला होता. दक्षिणेत म्हैसूरपर्यंत त्यांचे नाव झाले होते. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले होते. ताराबाई माने या त्यांच्या पत्नी, आणि पुढे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे या नावांनी महाराष्ट्राने ज्यांना डोक्यावर घेतले ती त्यांची मुले तेव्हा अजून लहान होती.

शिरडी हे गावही गाण्याला अगदीच परके नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. १८९७ पासून तेथे उरूस भरत असे आणि १९१२ च्या सुमारास त्याला रामनवमीच्या उत्सवाची जोड मिळाली. भीष्मांनी जन्माचे कीर्तन केले व काका महाजनींनी पेटीची साथ केली, असे ‘साईसच्चरिता’त आहे. एकाच दिवशी संदलाची मिरवणूकही निघावी आणि रामजन्माचा पाळणाही हलावा, हा त्या गावचा प्रघात आजही चालू आहे. पुढे कीर्तनाचे काम दासगणूंकडे आले. दासगणू म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. याच जिल्ह्यातील अकोळनेरचा त्यांचा जन्म. पोलिसात नोकरी आणि लावण्या रचण्याचा नाद, अशा अवस्थेत हा मनुष्य शिरडीस आला आणि संतचरित्रकार होऊन गेला. ते एकदा अंगरखा, उपरणे, फेटा असा थाट करून कीर्तनास निघाले असता बाबांनी, नवरदेव होऊन कोठे चाललास, अशा अर्थाची थट्टा केली आणि तेव्हापासून दासगणूंनी उघड्या अंगाने, हाती चिपळ्या घेऊन नारदीय पद्धतीने कीर्तन केले, ही कथा बहुतेकांस ठाऊक असेल. बाबा स्वतः तरुणपणी तकियात पायांत घुंगरू बांधून नाचत आणि कबीराची पदे गात, असेही सांगतात. तेव्हा खाँसाहेबांस मिळालेला श्रोता गाण्यातले काही न समजणारा फकीर होता, असे मानण्याचे कारण नाही. तो स्वतः गाऊन चुकलेला श्रोता होता.

आता मूळ बैठक. खाँसाहेबांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी गुरूचे विस्तृत चरित्र लिहिले आहे आणि साईभक्तांच्या परंपरेतही ही हकीकत चालत आली आहे. तिचा सांगाडा असा. नागपूरचे धनिक बापूसाहेब बुटी हे बाबांचे मोठे भक्त. त्यांनी खाँसाहेबांस शिरडीस आणविले. बाबांनी गावयास सांगितले तेव्हा या कैरान्याच्या मुसलमान गवयाने ख्याल काढला नाही, ठुमरी काढली नाही; त्याने तुकोबांचा अभंग पिलू रागात म्हटला. कीर्तनाच्या शेवटी आपण सारे उभे राहून म्हणतो तोच, देवापाशी दान मागण्याचा. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले आणि अभंग संपल्यावर, किती सुंदर रीतीने हा मागतो आहे, अशा आशयाचे बोलले.

गाणे एवढेच. पुढे मुलगी आजारी असल्याचे वर्तमान आले, बाबांनी तिला शिरडीसच आणविले, उदी दिली, मुलगी बरी झाली, मंडळी दहा दिवस राहिली, निघताना बाबांनी खाँसाहेबांच्या हातावर एक रुपया ठेवला आणि तो खर्चू नकोस, असे सांगितले, इत्यादी. भाविकांचा जीव या उत्तरार्धात असतो व ते योग्यच आहे. मुलगी बरी झाली यापेक्षा आईबापांना मोठे दुसरे काय असावे? परंतु आमचे मन राहून राहून त्या पहिल्या प्रसंगाशीच अडते.

बैठकीतला श्रोता सामान्यतः काय करतो? तान समेवर आली की मान हलवितो. गंधार लागला की ‘वाहवा’ म्हणतो. फार जाणकार असला, तर शेजाऱ्याच्या मांडीवर चापट मारून, बघितलेत, असे डोळ्यांनी विचारतो. आम्ही स्वतः गेली चाळीस वर्षे याखेरीज दुसरे काही केलेले नाही आणि त्यात गैर काहीच नाही. गवयालाही ते हवे असते. पण या सर्व दादेत गवई कोणते शब्द म्हणत आहे, त्या शब्दांत तो काही सांगतो आहे की काय, आणि ते त्याचे स्वतःचे म्हणणे असू शकेल की काय, हा विचार कोणाच्या मनास शिवत नाही. पिलूमध्ये दोन्ही गंधार, दोन्ही निषाद लागतात; ठुमरी-दादऱ्याचा तो लाडका राग; त्यात अभंग बांधण्याची कल्पना किती रसिक, यावर आमच्यासारख्यांनी एक लेख लिहिला असता. शिरडीच्या श्रोत्याने त्या रागाचे नावही काढले नाही. त्याने एवढेच ऐकले की हा मनुष्य मागतो आहे. तो ज्या हेतूने तुकोबांचे शब्द घेऊन आला होता त्या हेतूनिशी ते घेतले गेले.

याच ठिकाणी आमच्या आजोळची एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या आईचे वडील गाण्याचे नादी होते. मोठमोठ्या मुसलमान गवयांच्या बैठका त्यांच्या दिवाणखान्यात होत. भैरवी सुरू झाली की त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागे आणि ते पुसण्याचे भानही त्यांना राहत नसे. त्याच घरात ओसरीच्या कोनाड्यात चिनी मातीचे दोन पेले निराळे ठेवलेले असत. ते गवयांच्या चहाचे. बैठक आटोपली की गडी ते बाहेर नेऊन राखेने घाशी आणि पुन्हा कोनाड्यात पालथे घाली. आई हे सांगे तेव्हा तिच्या बोलण्यात ना खंत असे, ना समर्थन. अमुक वर्षी पाऊस चांगला झाला होता, असे सांगावे तसे ती सांगे. त्या काळी बहुतेक घरांतून हेच चालत होते, हे खरे आहे. परंतु ते पेले आम्ही लहानपणी पाहिले आहेत आणि खाँसाहेबांची तबकडी लागली असता ते कधी कधी डोळ्यांपुढे येतात, हेही तितकेच खरे आहे. ज्याच्या सुराने आपण रडतो त्याच्या ओठांचा पेला विटाळतो, हे दोन्ही एकाच मनात कसे नांदत असेल?

शिरडीतही हा प्रश्न आला नव्हता, असे नाही. मेघश्याम नावाचा गुजराती ब्राह्मण बाबा मुसलमान असल्याचे ऐकून शिरडीस येण्यास कचरत होता, असे ‘साईसच्चरिता’त लिहिले आहे, तोच पुढे बाबांची नित्य पूजा करीत राहिला. मोडक्या मशिदीत धुनी पेटलेली, अंगणात तुळशीवृंदावन, घंटा वाजते आहे आणि वकील, मामलेदार, शास्त्री पायरीपाशी बसले आहेत, असा तो देखावा. खाँसाहेबांनी तेथे मराठी अभंग निवडला याचे आम्हांस आता नवल वाटत नाही.

दुपारी आम्ही द्वारकामाईच्या रांगेत लागलो. उत्सवामुळे गर्दी दाट होती. पहाटे साईचरित्राच्या पोथीची मिरवणूक होऊन अखंड पारायणास आरंभ झाला होता आणि वाचणाऱ्याचा एकसुरी आवाज रांगेत येत होता. आमच्या पुढे आंध्राकडील पंधरा-वीस बायका होत्या. त्यांतील एकीने तेलुगूत भजन धरले व इतरांनी टाळ्यांवर उचलले. आम्हांस तेलुगू येत नाही. साईंचे नाव तेवढे कळत होते. सांगणारीचा सूर प्रत्येक कडव्याला थोडा वर चढे आणि मागच्या बिचाऱ्या त्याच्यामागे धावत. सौ. हळूच म्हणाल्या, “अहो, कपाळाला आठ्या घालू नका. त्या तुम्हांला म्हणून दाखवीत नाहीत.”

आत गेल्यावर वेळ फारच थोडा मिळतो; मागची रांग पुढच्यास थांबू देत नाही. धुनी जाळीपलीकडे जळते आहे. बाबा ज्यावर बसत ती शिळा आहे, जाते आहे, जयकरांनी रंगविलेले तैलचित्र आहे. सभामंडप भक्तांनी बाबांच्या हयातीतच उभारला. परंतु एवढी कीर्ती ऐकून आलेल्याला मूळ जागा लहानच वाटते. आमच्यासारख्याला त्या लहानपणाचेच अप्रूप वाटले. एवढ्या जागेत गवयास आवाज फेकावा लागत नाही. खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार, सुईसारखा; मोठ्या नाट्यगृहात तो शेवटच्या रांगेपर्यंत जाई तो मोठेपणाने नव्हे, खरेपणाने. येथे दोन तंबोऱ्यांच्या झंकारात तो कसा लागला असेल, कोठे बसून लागला असेल, याचा अंदाज आम्ही घेऊ पाहत होतो, इतक्यात रांगेने आम्हांस पायरीखाली आणून सोडले.

तेथून समाधिमंदिरात गेलो. खाँसाहेबांना आणविणाऱ्या त्या बुटींनीच हा वाडा बांधावयास घेतला होता. मनात मुरलीधराची स्थापना करण्याचे होते. १९१८ च्या विजयादशमीस बाबांनी देह ठेवला तेव्हा त्यांना याच वाड्यात आणले आणि मुरलीधराची जागा समाधीने घेतली. तालीमांनी घडविलेली संगमरवरी मूर्ती तेथे १९५४ साली बसली. ज्या यजमानाने बैठक जमविली त्याच्याच छपराखाली श्रोता निजला आहे, हा विचार येऊन आम्ही रांगेत थोडे रेंगाळलो.

रात्री उत्सवाच्या मंडपात गायन होते. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी या तिन्ही उत्सवांत येथे कलावंतांची हजेरी लागते. त्या रात्रीचे गवई किराणा घराण्याची तालीम घेतलेले होते. त्यांचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. प्रत्येक किराणा गायकाकडे मूळ पुरुषाचीच छाया शोधीत बसणाऱ्या श्रोत्याच्या तडाख्यात ते का सापडावेत? त्यांनी तंबोरे लावावयास घेतले, ते आठ-दहा मिनिटे लावीतच राहिले. मंडपात चुळबुळ सुरू झाली. दिवसभर उन्हात चाललेली माणसे. कोणाचे मूल मांडीवर झोपले होते, कोणी शिदोरी सोडली होती. आमच्या शेजारच्या एका गृहस्थाने, अजून सुरू का होत नाही, म्हणून आमच्याकडे पाहिले. सौ. म्हणाल्या, “सुरूच झालंय. ऐका ना.” गृहस्थाने आश्चर्याने कान दिला. खरोखरच षड्जावर षड्ज मिळाला तेव्हा मंडपाच्या विजेच्या गुणगुणीतूनही तो उठून दिसला आणि आमच्या आसपासची पाचपंचवीस माणसे तरी गप्प झाली.

पूरिया धनाश्री बेताचाच झाला. ध्वनिवर्धकाने तबला फार पुढे आणला होता. शिवाय लोकांनी चित्र घेण्यासाठी भ्रमणध्वनी वर धरले की गवई समोरच्या माणसांऐवजी दिव्यांच्या रांगेला गातो आहे, असे वाटू लागते. पण नंतर त्यांनी अभंग घेतला. तो तुकोबांचा होता; खाँसाहेबांनी गायलेला तो नव्हे, दुसरा. मंडपातली मंडळी एकदम सावरून बसली. सकाळी रस्त्यात भेटलेल्या जथ्यांपैकी काहीजण पाठीमागे उभे होते. त्यांनी आपल्या टाळांची किणकिण सुरू केली. ती प्रथम तबल्याशी जमेना, मग जमली. गवयाने मागे पाहून हात केला, तो थांबविण्यासाठी नव्हे. त्या पुढची दहा मिनिटे आम्ही राग कोणता, हे मनाशी ठरविण्यास विसरलो होतो. हे आम्हांस मागाहून सौ. नी विचारले तेव्हा लक्षात आले.

मंडपातून परतताना खाँसाहेबांच्या अखेरच्या गाण्याची आठवण झाली. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन निराळ्या झाल्या. पुढे मुलांनी माने, बडोदेकर ही नावे लावली. बापाचे नाव कोणाच्याही पुढे राहिले नाही, गळ्यात तेवढे राहिले. खाँसाहेब मिरजेस राहू लागले. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासेहून पाँडिचेरीस श्रीअरविंदांच्या आश्रमाकडे जात असता वाटेत त्यांना अस्वस्थ वाटू लागले. ते सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले, फलाटावर अंथरूण घालविले, तंबोरा लावावयास सांगितला आणि दरबारीत प्रार्थना म्हणून तेथेच देह ठेवला. त्यांना मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात मूठमाती दिली. त्या फलाटावर दाद देणारे कोणी नव्हते.

आम्ही चावडीकडून आलो. तेथे त्या मानाने गर्दी कमी होती. बाबा एक दिवसाआड रात्री येथे निजावयास येत. ओट्यावर दोन वृद्ध वारकरी भिंतीस टेकून बसले होते. एकाचे डोळे मिटलेले, दुसरा बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून होता. आम्हांसही त्यांनी सरकून जागा दिली. पारायणाचा आवाज येथवर अस्पष्ट येत होता. सौ. नी पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला, स्वतः पाणी प्यायल्या, आम्हांस दिले आणि मग त्या दोघांपुढे केला. ते दोघे कोण, कोठले, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनीही आम्हांस विचारले नाही. पहाटे कोपरगावास गाडी होती. म्हणून साडेअकराच्या सुमारास आम्ही उठलो.